पहिल्या पायरीची गुंतागुंत

मी भोरमध्ये सर्जन आहे असं सांगितलं की पुण्यातले माझ्या बॅचचे डॉक्टर अजूनही विचारतात, "म्हणजे हर्निया, अपेंडिक्स?" विचारतात ते प्रेमानंच. पण इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न मला झोंबतो, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं जे सांगायचं आहे त्याचं मूळ बऱ्याच अंशी या झोंबण्यात आहे.

माझं दहा खाटांचं हॉस्पिटल आहे. मी भोंगवलीच्या शेतकऱ्याच्या घरातला. आपल्या माणसांना प्रत्येक दुखण्यासाठी पुण्याला हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून मी इथं आलो, हे खरं आहे. थायरॉइडसारखी नाजूक ऑपरेशनंही मी भोरमध्ये करतो, असं त्या मित्रांना एकदा ऐकवता यावं, हेही तितकंच खरं आहे. पहिलं कारण मी सगळ्यांना सांगतो. दुसरं आज पहिल्यांदा लिहितोय.

दर मंगळवारी मी विंझरला बसतो. खताच्या दुकानामागं एक खोली आहे. टेबल, दोन खुर्च्या, पडद्यामागं एक बाकडं. तीनेक वर्षांपूर्वी अशाच एका मंगळवारी पालीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यातून एक आजी आल्या. दोन्ही गुडघे झिजलेले. बरोबर मुलगा आणि तिशीतली सून. मुलगा दाराशी उभा राहिला, सून कोपऱ्यात. मी आजींचा गुडघा वाकवून बघत होतो आणि सून बाटलीतलं पाणी पीत होती. तिनं घोट गिळला तशी तिच्या गळ्यात उजव्या बाजूला एक गोळी वर जाऊन खाली आली.

गिळताना हलणारी गाठ म्हणजे थायरॉइडची. हे कुठलाही विद्यार्थी सांगेल. मी आजींचा गुडघा सोडला.

"ताई, ही गाठ कधीपासून आहे?"

"कसली गाठ?" तिनं गळ्याला हात लावला. नवऱ्यानंही पहिल्यांदाच बघितली. दुखत नव्हती, गिळताना अडत नव्हती, श्वासाला त्रास नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. या बाईनं तर हातही दाखवला नव्हता. ती सासूच्या सोबतीला आली होती.

तपासण्या केल्या. सोनोग्राफी झाली, सुई टाकून पेशी पुण्याला पाठवल्या. रिपोर्ट आला, साधी गाठ, कॅन्सर नाही. रक्तही व्यवस्थित. सुपारीएवढी गाठ. अशा गाठीचं काय करायचं हे मला त्या दिवशीही पाठ होतं. काही करायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, वाढली नाही तर पुन्हा सहा महिन्यांनी. कितीतरी बायका अशा गाठी घेऊन म्हाताऱ्या होतात.

मी त्यांना सांगितलं ते असं. गाठ वाढू शकते. वाढली तर श्वासनळीवर दाब येतो. क्वचित कधी अशा गाठीत बदलही होतो. तुम्ही वर डोंगरावर राहता, दर सहा महिन्यांनी तपासणीला येणं व्हायचं नाही. आत्ता वय लहान आहे, तब्येत चांगली आहे, एकदा काढली की विषय संपला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठलं आधी म्हणायचं, कुठं थांबायचं आणि "नाही काढली तरी चालेल" हे वाक्य कसं गाळायचं, एवढीच काय ती माझी कारागिरी. डोंगरावरच्या बायकांची मला काळजी होती असं म्हणायलाही जागा होती, आणि मी ती जागा अडवून बसलो होतो.

आजींनीच निकाल दिला. "गाठ ती गाठ. काडून टाका. पोर तरनी हाय." सुनेला कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा विचारलं ते नवऱ्याकडं बघून.

सही घ्यायच्या वेळी मी धोके समजावले. या ऑपरेशनमध्ये आवाजाची एक नस असते, दोऱ्यासारखी बारीक, गाठीच्या मागून जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतो. शिक्षिका असेल, कीर्तनकार असेल, गाणारी असेल तर हे मी दोनदा सांगतो आणि बरेचदा पुण्यालाच पाठवतो. म्हणून ठरलेला प्रश्न विचारला.

"भजनात वगैरे गाता का?"

नवरा हसला. "हिला? आरती म्हनताना बी मागं ऱ्हाती."

"कुठं शिकवायला, अंगणवाडीत वगैरे?"

"न्हाई वो. म्हशीमागं असती ती."

मी कागदावर लिहिलं, आवाजाचं काम नाही. खाली तिनं सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत. सही होईपर्यंत मी घड्याळ बघत होतो, कारण भूल देणारे डॉक्टर पुण्याहून निघाले होते.

ऑपरेशन सव्वा तास चाललं. एका ठिकाणी रक्त आलं. गाठ श्वासनळीला मागून चिकटलेली असते, तिथं. अशा वेळी बोळा दाबून धरायचा, थांबायचं, नस डोळ्यांना दिसल्याशिवाय पुढं जायचं नाही. हे मी ज्युनिअर डॉक्टरांना ओरडून ओरडून शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी रक्त थांबवणारं विजेचं पेन उचललं आणि चटका दिला. रक्त थांबलं. मला वाटतं नस तिथंच गेली. नक्की सांगता येत नाही, आणि या न सांगता येण्यानं मला बरेच दिवस चांगली साथ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "काय ताई, कसं आहे?" ती काहीतरी म्हणाली. पंक्चर झालेल्या ट्यूबमधून हवा जावी तसं ऐकू आलं. पाणी पिताना ठसका लागत होता. मी म्हणालो, सूज आहे, उतरेल. पंधरा दिवसांनी म्हणालो, सहा महिने लागतात. ठसका थांबला, बोलणं खोलीत ऐकू येण्याइतकं झालं आणि तिथंच अडलं. टाके मात्र इतके बारीक आले होते की गळ्यातल्या पोतीखाली ओरखडासुद्धा दिसत नव्हता. मी तिला आरसा दाखवला. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. दर वेळी मी विचारायचो, आवाज कसा आहे? दर वेळी ती म्हणायची, "बरं हाय."

आम्हा सर्जन लोकांची गुंतागुंत मोजायची एक पद्धत असते. ऑपरेशननंतर काही बिघडलं तर ते किती गंभीर हे पायऱ्यांवर ठरवतात. पायरी ठरते ती त्या बिघाडावर डॉक्टरला काय करावं लागलं यावरून. नुसती वाट बघून भागलं तर पहिली पायरी. बाहेरचं रक्त द्यावं लागलं तर दुसरी. पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं तर तिसरी, आणि असं वर वर, शेवटची पायरी मरणाची. पद्धत चांगली आहे, जगभर चालते, मी तिच्यावर रागावलेलो नाही. मी माझ्या वहीत वर्षाअखेरीला सगळे बिघाड या पायऱ्यांवर मांडतो. त्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या हर्नियाची जखम पिकली, भूल देऊन पुन्हा उघडावी लागली. तो गेला तिसऱ्या पायरीवर. महिन्याभरात तो बरा होऊन भात लावायला गेला. त्या सुनेसाठी मला काहीच करावं लागलं नव्हतं, औषधसुद्धा नाही. म्हणून ती पहिल्या पायरीवर. लिहिलं, "आवाज बसका, किरकोळ." वर्ष चांगलं गेलं म्हणून मी वही मिटली.

पुढच्या वर्षी आजी पुन्हा विंझरला आल्या, मुलाच्या खांद्याचा आधार घेत. गुडघे सुजून टम्म झालेले. मी तडकलो. माझा स्वभावच तसा आहे. पेशंटनं ऐकलं नाही की मला तो माझा अपमान वाटतो.

"आजी, मी तुम्हाला चढउतार बंद करायला सांगितली होती ना? गोळ्या देऊन काय उपयोग? घरात बसायला काय होतं तुम्हाला?"

आजी काही लाजल्या नाहीत. "बसले असते की. पर हाक कोन मारंल?"

"कसली हाक?"

"म्हशीस्नी. हिला आवाज कुठं हाय आता?"

मी काही विचारायच्या आतच मुलानं समजावलं, एखाद्या अडाण्याला समजवावं तसं. वरच्या वाड्यात म्हशी सकाळी सोडतात, त्या दिवसभर डोंगराच्या सोंडेवर, घळीत, रानात पांगतात. कुणी दिवसभर मागं फिरत नाही. दिवस कलला की घरची बाई कड्याच्या टोकाला उभी राहते आणि हाक मारते. प्रत्येक घराची हाक वेगळी. म्हैस दुसऱ्या घराच्या हाकेला मान वर करत नाही. घरात नवी सून आली की ती सासूच्या शेजारी उभी राहून हाक शिकते. जनावरांना तिचा आवाज पटायला एकदोन वर्षं जातात, मग सासू मोकळी होते. त्याच्या बायकोला पुरी दोन वर्षं लागली होती.

"पुरुषानं मारली तर?" मी विचारलं.

"म्या मारून बघितली. हालत न्हाईत. समदा जलम बाईचाच आवाज ऐकलाय त्यांनी."

मोबाईलवर हाक वाजवणं, डबा बडवणं, शिट्टी, सगळं करून झालं होतं. श्रावणात धुकं उतरतं तेव्हा तिथं हातभर पुढचं दिसत नाही. हाक हीच वाट. गेल्या श्रावणात आजी तापानं पडून होत्या. सुनेनं टोकाला उभं राहून हाक मारली, ती तिच्या तोंडापुढंही गेली नाही. एक गाभण म्हैस चुकली आणि दोन दिवसांनी कड्याखाली सापडली. तेव्हापासून आजी रोज काठी टेकत टोकाला जातात.

"आईचं गुडघं हाईत तवर म्हशी हाईत," मुलगा म्हणाला. "मंग इकायच्या. पालीत ट्रेकवाल्यांच्या जेवनाला भाकरी थापायला बाई लागती. ही जाईल. बोलायचं काम न्हाई तितं."

त्यानं टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मला एवढंच आठवत होतं, की "म्हशीमागं असती" असं त्यानं मला सही करायच्या आधी सांगितलं होतं. आणि मी काही मुंबईहून आलेला साहेब नव्हतो. भोंगवलीला आमच्या रानाचं अंतरसुद्धा माणसं हाकेवर सांगायची. कळायला पाहिजे होतं. कळलं नाही, कारण कळलं असतं तर तिला पुण्याला पाठवावं लागलं असतं, नाहीतर गाठ तशीच ठेवावी लागली असती.

त्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये सगळ्यांवर खेकसलो. नर्सवर, मेडिकलवाल्यावर, इस्त्रीवाल्यावर. बायकोनं दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या हातून काहीतरी चुकलंय. चुकलं की तू दुसऱ्यांवर ओरडतोस." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग."

रविवारी मी पालीला गाडी लावली. राजगडाकडं निघालेली पोरं फोटो काढत होती. मी दुसऱ्या अंगानं चढलो. वाट दाखवायला आजींचा मुलगा खाली आला होता. तासाभराच्या चढाला मला दीड तास लागला आणि दम खायला चार वेळा थांबलो. तो मात्र मला बोलून बोलून दाखवत होता, हितं म्हैस पडली, हितून म्हशी वर येत्यात. मी मान हलवत होतो.

वाड्यात पोचलो तेव्हा आजी आत पडल्या होत्या. सुनेनं घोंगडं टाकलं, चहा ठेवला. मुलगा दूध घालायला गेला तशी मी तिला म्हणालो, "ताई, मला तुमच्याशीच बोलायचंय." ती चुलीपासून जरा लांब, उंबऱ्याशी बसली.

पहिल्यांदा मी पुण्याच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. नाक-कान-घशाचे डॉक्टर आवाजाचा निकामी पडदा मध्यभागी सरकवून देतात, मी स्वतः बरोबर येईन, सगळं बघेन. तिनं विचारलं, "मंग हाक यील?" मी म्हणालो, "बोलणं सुधारेल. हाक येईलच असं सांगता येत नाही." तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं सरळ वाक्य असावं. ती जरा हसली आणि म्हणाली, "आनखी येक आपरेशन." मग म्हणाली, बघू.

मग मी मुख्य गोष्ट सांगितली. गाठ साधी होती. तिच्यापासून काही धोका नव्हता. काढायची घाई माझी होती, आणि नस गेली तीही माझ्या हातानं गेली असावी. घरून निघताना मी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. तोंडून एवढंच निघालं.

ती उठून चुलीपाशी गेली, लाकूड आत सारलं. मग बोलली. ऐकायला मला पुढं वाकावं लागलं.

"म्हंजी ऱ्हायली असती तरी चाललं असतं?"

"हो."

"किती दिस?"

"कदाचित जन्मभर."

तिनं पदराच्या टोकानं चहाचं भांडं उतरवलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो. खरं तर दोन्हीपैकी काहीतरी व्हावं म्हणूनच आलो होतो.

"ह्ये आत्याबाईस्नी सांगू नका," ती म्हणाली.

"त्या रागावतील म्हणून?"

"रागावू द्या की. त्येचं काय न्हाई." तिनं आतल्या अंधाराकडं बघितलं. "काडून टाका म्हनल्या त्या त्याच न्हवं? त्यास्नी वाटतंय, आपुन सुनंचा जीव वाचिवला. वाड्यातल्या बाया म्हनत्यात, म्हातारीनं पोरीचा आवाज घालिवला. तवा त्या त्येच सांगत्यात, जीव वाचिवला म्हनून. रोज गुडगं धरून टोकाला जात्यात ते त्याच जोरावर. तुमी खरं बोललात तर त्या अन्नाला शिवायच्या न्हाईत."

"आणि मालकांना?"

"त्यास्नी कळलं की आत्याबाईस्नी कळतंय." मग जरा थांबून म्हणाली, "माज्यापाशी बोललात न्हवं. आता ऱ्हाऊ द्या तितंच."

म्हणजे मी ओझं उतरवायला डोंगर चढून गेलो होतो, आणि तिनं त्यातलं निम्मं स्वतःकडं ठेवून घेतलं आणि निम्मं मला परत दिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाही केलं असंही म्हणाली नाही. तिला त्यापेक्षा जवळची कामं होती.

दिवस कलला तशा आजी उठल्या. सुनेनं काठी दिली आणि एका हातानं दंड धरला. मीही मागोमाग गेलो. घरापासून टोक शंभर पावलांवर असेल. आजींना तेवढ्याला दोनदा थांबावं लागलं. गुडघ्यांत आता काही उरलं नव्हतं, हे चालण्यावरूनच दिसत होतं. डॉक्टर म्हणून मी त्यांना तिथल्या तिथं खाली बसवायला पाहिजे होतं. मी काठीच्या बाजूला नुसता चालत राहिलो.

टोकाला पोचल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. दम लागला होता.

"डाक्टर, बरं झालं आलात. तुमालाच इचारायचं व्हतं. बाया लई बोलत्यात, उगं कापली म्हनून." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "तवा काडली नसती तर गेली असती न्हवं ही पोर?"

सून त्यांच्या मागं उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, खाली घळीकडं बघत होती.

"व्हय, आजी," मी म्हणालो. "गेली असती."

आजींनी समाधानानं मान हलवली. काठी सुनेच्या हातात दिली, तिच्या खांद्यावर रेलून उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे तोंडाशी नेले आणि हाक मारली.